राजारामकाकाचं अमेरिकेचं गाऱ्हाणं

राजारामकाका माझ्या स्कूटीसमोर नारळ धरून उभा होता आणि आमची अख्खी गल्ली त्याच्या मागे.

"बा देवा रवळनाथा, आई भूमके, बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"आज ह्या चेडवान, मानसीन, गाडी घेतल्यान हा. गाडी नवी नाय, दुसऱ्यान वापरलेली आसा, ता तुका म्हायत आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ब्रेक जरा सैल आसत. ते उद्या टाइट करतलंय असा ती म्हणता."

मागे कोणीतरी फसकन हसलं. मी म्हटलं, "काका, ब्रेकचं कशाला सांगतोस देवाला?"

"मगे काय लपवूचा? गाडी ठोकलंस तर देव माका इचारतलो." परत डोळे मिटून तो पुढे, "तिच्या वाटेक जो कोण आडो येयत, तेका सरळ बुद्धी दी म्हाराजा. आणि हिका पण दी. हिका जरा जास्त दी."

"व्हय म्हाराजा," सगळ्यात मोठ्याने माझी आई.

हे झालं गाऱ्हाणं. आमच्या मालवणी लोकांत कुठलंही काम सुरू करायच्या आधी एक जाणता माणूस देवासमोर उभा राहतो आणि ज्याचं काम आहे त्याचं नाव घेऊन, मोठ्याने, सगळ्यांसमोर मागणं मांडतो. बाकीचे व्हय म्हाराजा म्हणतात. गावाला हे काम काकाच्या घराण्याकडे. काका मुंबईला आला आणि गाऱ्हाणं पण त्याच्याबरोबर असल्फ्याच्या टेकडीवर आलं.

पोटापाण्याचं काम त्याचं वेगळं. दुकानांची शटरं दुरुस्त करतो. शटर मध्येच अडकलं की असल्फ्यापासून साकीनाक्यापर्यंत लोक त्यालाच बोलावतात. अंगाला कायम ग्रीसचा वास. शांताकाकू, म्हणजे त्याची बायको, म्हणते की हा माणूस पावडर लावून पण शटरासारखाच वास मारतो. पण ग्रीसचे हात धुऊन, शर्ट बदलून तो नारळ हातात घेतो ना, तेव्हा कोणी मस्करी करत नाही. नवीन रिक्षा, दुकान, पोराची दहावी, बायपास, सगळ्याला काका. वर पैसे नाहीत. अर्धा नारळ तेवढा घरी नेतो.

मी नववीत शाळा सोडली. आता पार्सलं पोचवते. मला घरात सगळ्यांनी शिव्या घातल्या तेव्हा काका एकटाच म्हणाला, "शाळा सोडल्यान हा, अक्कल नाय सोडलेली." त्या दिवसापासून काकाबद्दल कोणी वाकडं बोललं की मी सोडत नाही. हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे लिहिलंय ते मी त्याच्या बाजूनेच लिहिलंय.

काकाचे दोन नियम होते. पहिला, गाऱ्हाण्यात खोटं घालायचं नाही. एकदा नगरसेवकाला उभा राहिलेला एक जण आला होता. पांढरा शर्ट, मागे पंधरा पोरं. त्याला गाऱ्हाण्यात घालून हवं होतं की ह्याने वॉर्डात रस्ते केले. काका म्हणाला, खंयचो रस्तो? माका दाखव, मी बघून येतंय. शेवटी गाऱ्हाण्यात काय म्हणाला माहितेय? "ह्यो रस्ते करतलो असा म्हणता म्हाराजा. तुका खरा वाटला तर बघ." तो माणूस पडला. पण राग नाही धरला त्याने, पुढच्या वेळी परत आला.

दुसरा नियम मोठा. ज्याचं नाव देवासमोर घेतलं, त्याला पुढे कधी नाकारायचं नाही. तो चोर निघू दे, दारुडा निघू दे, कोणी विचारलं तर म्हणायचं की होय, हा माझा माणूस आहे, ह्याच्यासाठी मी तोंड उघडलंय. 'ओळखत नाही' म्हटलं की तोंड संपलं. मग त्या तोंडाने गाऱ्हाणं घालायचं नाही. काकाच्या वडिलांनी त्याला हे सांगितलेलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. आमच्या खालच्या गल्लीतल्या मिथुनला मोबाईलच्या चोरीत पकडला, तेव्हा त्याचे सख्खे मामा म्हणाले आमचा काही संबंध नाही. काका कामाची पिशवी तशीच घेऊन चौकीत गेला. हवालदाराने विचारलं, तुझा कोण लागतो? काका म्हणाला, लागत कोण नाय, पण ह्येच्या रिक्षाक गाऱ्हाणा घातलंय. हवालदार पण कोकणातला निघाला. त्याने खुर्ची दिली.

आता चंदूकाका. म्हणजे चंद्रप्रकाश. काकाच्याच गावचे, आधी आमच्याच चाळीत राहायचे, काकाच्या भिंतीला भिंत. बँकेत होते. नंतर मुलुंडला फ्लॅट घेतला, लिफ्ट, गार्डन, सगळं. पण महिन्यातून एकदा तरी टेकडी चढून येणार, शांताकाकूच्या हातची पेज पिणार आणि काकाबरोबर ओट्यावर बसणार. काका त्यांना चंद्या म्हणणार, ते काकाला राज्या. दोघं साठीच्या पुढचे, पण भांडण पत्त्यांवरून.

चंदूकाकांची मोठी मुलगी जान्हवी. तिच्या आईला, वनमालाकाकूला दम्याचा त्रास, टेकडीच्या पायऱ्या होत नव्हत्या. म्हणून लहानपणी जान्हवीताईला शाळेत काका सोडायचा. एका खांद्यावर अवजारांची पिशवी, दुसऱ्यावर ती. ती त्याला शटरकाका म्हणायची. पुढे ती शिकली, अमेरिकेला गेली, वकील झाली, तिकडचीच झाली. पण दिवाळीला तिचा फोन यायचाच. शटरकाका, फराळ खाल्लास का? काका फोनवर ओरडून बोलायचा, जसं काय आवाजानेच अमेरिकेला पोचायचंय.

मागे एका रविवारी चंदूकाका आले ते घामाघूम आणि खूष. म्हणाले, "राज्या, जान्हवी इलेक्शनला उभी राहतेय."

"खंय? मुलुंडात?"

"अरे अमेरिकेत. अख्ख्या राज्याचं इलेक्शन. अॅटर्नी जनरल."

"म्हणजे लष्करात?"

"नाय रे. वकील. राज्याचा सगळ्यात मोठा सरकारी वकील. आपल्याकडे सरकार नेमतं, तिकडे लोक मतं देऊन निवडतात."

काकाने विडी विझवली. "वकिलाक मतां? मगे चोर कोण तो पण मतांवर ठरयतत काय?"

"तसं नाय रे बाबा."

"नाय, माका समजून घेवक व्हया. ती कोर्टात कोणाच्या बाजून उभी रवतली?"

चंदूकाका म्हणाले, "राज्यातल्या लोकांच्या. समज एखादी कंपनी लोकांना फसवते, भाडेकरूंना घराबाहेर काढते, तर लोकांतर्फे ही लढणार. आता पण ती तसल्याच केसेस करते."

"ज्येंनी तिका मत दिला नाय, तेंच्या पण बाजून?"

"त्यांच्या पण."

"मगे गाऱ्हाणा घालूक हरकत नाय," काका म्हणाला. चंदूकाकांनी अजून मागितलं पण नव्हतं. पण आले त्यासाठीच होते, हे मला पण कळत होतं.

गाऱ्हाणं मुलुंडला ठरलं, चंदूकाकांच्या हॉलमध्ये. सकाळी आपल्याकडे, तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. त्या राज्यातली मराठी मंडळी एका हॉलमध्ये जमलेली, व्हिडिओ कॉलवर. जान्हवीताई स्वतः नव्हती, तिची कुठेतरी सभा होती. मी काकाला स्कूटीवरून घेऊन गेले.  एल.बी.एस. रोडवर सिग्नलला तो म्हणाला, "मानसी, एक अडचण आसा. थंयचो राखणदार कोण?"

राखणदार म्हणजे त्या जागेचा मूळ मालक, जमिनीची राखण करणारा. गाऱ्हाण्यात त्याला हाक मारावीच लागते, नाहीतर दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं. असल्फ्याच्या टेकडीचा राखणदार काकाला माहिती होता. अमेरिकेचा कुठून माहिती असणार?

कॉल लागल्यावर त्याने पहिलं तेच विचारलं. पडद्यावर चाळीस चेहरे. एक जाकीटवाले गृहस्थ म्हणाले, "काका, इथे तसं काही नसतं. इथे पोलीस आहेत."

काका म्हणाला, "पोलिसांच्या आदी कोण होतो?"

 मग एक मुलगी पुढे आली, अपूर्वा नाव तिचं, कॉलेजात शिकते, जान्हवीताईच्या प्रचाराचं काम करते. ती म्हणाली, "आजोबा, गोरे यायच्या आधी इथे जे लोक राहायचे ना, ते इथल्या नदीला आई मानायचे. त्यांतले थोडे अजून आहेत. नदी पण आहे."

"नाव काय नदीचा?"

तिने सांगितलं. काकाने ते तीन-चार वेळा तोंडात घोळवलं, अपूर्वा प्रत्येक वेळी हसून दुरुस्त करायची, शेवटी जमलं. मग तो उभा राहिला. रवळनाथापासून सुरू करून, भूमकाआईला, असल्फ्याच्या राखणदाराला, मुलुंडच्या वेशीला हाक मारत मारत तो समुद्र ओलांडून त्या नदीपर्यंत पोचला. मी खूप गाऱ्हाणी ऐकलीत. तसं नाही ऐकलं कधी. वनमालाकाकू पदर तोंडाला लावून उभी. तिकडून चाळीस जण व्हय म्हाराजा, जरा उशिरा यायचं, नेटमुळे.

आणि शेवटी काका म्हणाला, "आई, तुझ्या काठार आमच्या चेडवाक यश दी. समोर जो उभो आसा तेचा पण बरा कर, फकत तेका हंय निवडू नको. काम झाला तर तुका कोंबो देतलंय म्हाराजा."

हे त्याने काही वेगळं नाही केलं. राखणदाराला कोंबडाच देतात. एवढ्या मोठ्या कामाला नुसता नारळ दिला तर राखणदार काय म्हणेल? आमच्यात कोणालाच ते खटकलं नाही. चंदूकाकांना नाही, मला नाही, तिकडच्या चाळीस जणांना नाही. सगळे एका आवाजात व्हय म्हाराजा म्हणाले.

तिकडच्या कोणीतरी कौतुकाने तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. खाली इंग्रजीत अर्थ लिहून. नीट, शब्दाला शब्द.

महिनाभराने हर्षदने, म्हणजे जान्हवीताईच्या भावाने मला मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. समोरच्या उमेदवाराची होती. आधी जान्हवीताईचा फोटो, काळा-पांढरा. मग भीतीचं म्युझिक. मग काका. त्याचा चेहरा त्यांनी हिरवट करून ठेवलेला, आवाज घोगरा केलेला. कोंबड्याचं वाक्य दोनदा, खाली इंग्रजी. मग नुसता काळोख आणि कोंबड्याची किंकाळी. शेवटी एक ओळ. हर्षदने अर्थ सांगितला, "हिच्या हातात तुमचा कायदा देणार?"

मला इतका राग आला की फोन त्याचा आहे हे विसरून मी तो गादीवर आपटला. म्हटलं, "ते स्वतः काय गवत खातात काय? तिकडे कोंबडीशिवाय जेवण आहे का लोकांचं?"

"ते मला नको सांगूस," हर्षद म्हणाला. "तिकडच्या टीव्हीवर रोज लागतेय."

काकाला कोणी दाखवलं माहीत नाही, पण दाखवलं. मी गेले तेव्हा तो ओट्यावर शटरची स्प्रिंग मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "माझो आवाज असो आसा काय गो?"

"नाही रे. त्यांनी बिघडवलाय."

"हां," म्हणाला. "माका वाटला वयान तसो झालो."

शांताकाकू आतून म्हणाली, "आवाज तसोच आसा. मी इतकी वर्सां आयकतंय, माका कोण नाय टीव्हीर घेवक." पण चहा आणून दिला तेव्हा त्याच्या बाजूला बसून राहिली. तशी ती बसत नाही कामाच्या वेळी.

दोन दिवसांनी चंदूकाका आले. ह्या वेळी पेज नको म्हणाले. मी दारातच होते, त्यांनी मला जा असं म्हटलं नाही, मी पण गेले नाही.

झालं असं होतं की जान्हवीताईच्या प्रचाराच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन चंदूकाकांना आला होता. हा व्हिडिओतला माणूस कोण, तुमच्या कुटुंबाचा आहे का? चंदूकाका घाबरले. आयुष्य बँकेत गेलेलं, साहेबाने काही विचारलं की 'माझ्या टेबलावरचं नाही' म्हणायची सवय. ते बोलून गेले, ओळखीचा नाही, प्रार्थनेसाठी कोणीतरी बोलावला होता. बाई म्हणाल्या, फार बरं झालं. मग त्याच माणसाकडून तेवढं व्हिडिओवर बोलून घ्या. आपण ते दाखवू, विषय मिटेल.

चंदूकाका हे सगळं खाली बघून सांगत होते. मग म्हणाले, "राज्या, दोनच वाक्यं. जान्हवीला मी ओळखत नाही. तिने किंवा तिच्या घरच्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. बस."

मी म्हटलं, "चंदूकाका, तुम्ही खोटं बोललात ते तुम्ही निस्तरा ना. ह्याला कशाला मध्ये घेता?"

"मानसी, तू लहान आहेस."

"लहान असले म्हणून काय झालं? तुम्हाला माहितेय ना हे बोलला तर काय होईल त्याचं?"

"माहितेय," ते म्हणाले. "मला माहीत नसेल तर कोणाला असेल?"

काका मला म्हणाला, "तू गप रव." मग चंदूकाकांकडे बघून, "चंद्या, खरा सांग. मी बोललंय तर चेडवाचा काम होतला?"

"होईल असं म्हणतात ते."

"आणि नाय बोललंय तर?"

चंदूकाकांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला, परत काढला.

काका उठला. मोरीत जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, गाऱ्हाण्याला धुतो तसे. इस्त्रीचा शर्ट घातला. मग भिंतीवरचा रवळनाथाचा फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. "ह्येका घेवन भायर जा. लांब जा. नळाकडे."

मी नाही म्हणणार होते. त्याच्याकडे बघितलं आणि गेले. नळावर बायका पाणी भरत होत्या. मी देव छातीशी धरून उभी, तोंड रस्त्याकडे करून, म्हणजे त्याला घर दिसू नये. एक बाई म्हणाली, काय गं, देवाला आंघोळ घालतेस की काय?  घरातलं काहीच ऐकू येत नव्हतं तिथे. तरी मी फोटोवर ओढणी टाकली.

थोड्या वेळाने चंदूकाका पायऱ्या उतरून गेले. मोबाईल हातातच होता, खिशात ठेवला नव्हता. माझ्याजवळ थांबले, काहीतरी बोलणार होते. मी मान फिरवली. ते गेले मेट्रोच्या दिशेने.

घरी आले तर काका शर्टाची बटणं काढत होता. मी फोटो पुढे केला. त्याने घेतला नाही. "काकूकडे दी," म्हणाला. "तीच लावतली." शांताकाकूने स्टुलावर चढून फोटो लावला. जरा तिरका लागला. काका नेहमी अशा वेळी शंभर सूचना देतो. त्या दिवशी नुसती शर्टाची घडी घालत राहिला.

पुढच्याच आठवड्यात राजावाडीच्या बाजूने एक नवरा-बायको आले, वेफर्सचं दुकान टाकत होते. शटर काकानेच बसवलेलं. म्हणाले, काका, गाऱ्हाणं पण तुम्हीच घाला. काका म्हणाला, "शटर अडाकला तर बोलवा. ह्या माझ्याकडून जावचा नाय आता." बायको म्हणाली, आमचं काही चुकलं का? "तुमचा नाय," म्हणाला. आणि त्यांना भांडुपच्या एका म्हाताऱ्याचा पत्ता दिला.

लोकांना कळायला वेळ लागला नाही. कोण म्हणालं, अमेरिकेच्या टीव्हीवर आला म्हणून भाव खातो. ते ज्याने म्हटलं त्याच्याशी माझं नळावर भांडण झालं, बादली लागली त्याला, ती लागायलाच हवी होती. कोण म्हणालं, घशाचा आजार असेल. काकाने कोणालाच काही सांगितलं नाही. गल्लीत पुढची रिक्षा आली तेव्हा रिक्षावाल्यानेच नुसता नारळ फोडला. काका घरातच बसून होता, दार अर्धं लावून. बाहेर कोणी देवाला नावाने हाक मारली नाही. सगळे जरा वेळ तसेच उभे राहिले आणि मग पेढे वाटले.

नोव्हेंबरात तिकडे मतदान झालं. आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची दुपार झाली तरी नक्की काही कळत नव्हतं. मी पार्सलं टाकत पवईत फिरत होते आणि हर्षदला फोन करत होते. तो म्हणायचा, मागे आहे. मग म्हणाला, बरोबरीत आहे. मग फोनच उचलला नाही. मी हिरानंदानीच्या फुटपाथवर गाडी लावून बसले. शेवटी त्याचाच आला. जिंकली. थोडक्यात, पण जिंकली.

मी उरलेली पार्सलं तशीच ठेवून टेकडीवर आले. काका साकीनाक्याला कामावर गेलेला. तिथे गेले. एका मेडिकलच्या शटरखाली तो उताणा पडलेला, नुसते पाय बाहेर. मी पायांनाच सांगितलं, "काका, आली ताई निवडून."

पाय थांबले. मग तो सरकत बाहेर आला, तोंडाला ग्रीस. "खरा?"

"खरं."

"झाला मगे," म्हणाला. हातातला पाना फडक्याने पुसला. "चंद्यान सांगितल्यान तसाच झाला. बोलल्याचा सार्थक झाला." आणि मेडिकलवाल्याला म्हणाला, "सेठ, आज पैसे नको."

त्याला वाटत होतं की त्याच्या दोन वाक्यांनी काम झालं. मला पण तसंच वाटत होतं. त्यामुळे माझा राग जरा कमी झाला. गाऱ्हाणं गेलं, पण पोरगी तर आली.

कोंबड्याचं राहिलं होतं. नवस बोललेला, तो फेडायला हवा, आणि नदी तिकडे. काका स्वतः आता देवाशी बोलत नव्हता, म्हणून त्याने मला अपूर्वाला फोन लावायला सांगितला. ती म्हणाली, आजोबा, इथे मारता नाही येणार, माझ्याच्याने होणार पण नाही. काका म्हणाला, मारू नको, सोडलंस तरी चलात. तिने नदीकाठच्या एका शेतकऱ्याकडे कोंबडा दिला आणि फोटो पाठवला. काळा, तुरेवाला, झकास. शांताकाकूने फोटो बघितला आणि म्हणाली, ह्येका बरा आसा, अमेरिकेत रवता.

जान्हवीताईचा फोन आला. काका तिच्याशी ओरडून बोलला, पहिल्यासारखाच. व्हिडिओचं ती काही बोलली नाही, त्याने पण काढलं नाही. चंदूकाका परत दर महिन्याला येऊ लागले. पेज पितात. पत्ते खेळतात. चंदूकाका हल्ली हरतात जास्त. काका म्हणतो, चंद्या आता म्हातारो झालो. गाऱ्हाण्याबद्दल दोघांत एक शब्द नाही. मी चंदूकाकांशी बरेच महिने नीट बोलत नव्हते. पाणी द्यायचे, पण तोंड वाकडं करून.

ह्या गणपतीत मी मुलुंडला गेले होते. आरती झाल्यावर हर्षद आणि मी गच्चीत उभे होतो. मी त्याला म्हटलं, तुझ्या पप्पांनी त्या दिवशी जे केलं ते मला अजून पटत नाही.

हर्षद मग म्हणाला, "तुला नाही माहीत? काकाला पण नाही सांगितलं वाटतं त्यांनी."

त्या दिवशी टेकडी उतरून चंदूकाका असल्फा मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर बसले. काकाचा नुकताच घेतलेला व्हिडिओ एकदा बघितला. गाड्या सोडत राहिले. मग तिथूनच त्या प्रचाराच्या बाईंना फोन लावला आणि सांगितलं की मी खोटं बोललो, हा माणूस माझ्या भावासारखा आहे, माझ्या मुलीला ह्याने खांद्यावरून शाळेत नेलंय, त्याचं तुम्हाला काय करायचं ते करा. घरी येऊन वनमालाकाकूला सांगितलं. ती म्हणाली, मग राजारामभावजींना पण सांगा. ते म्हणाले, काय सांगू, की फुकट बोलायला लावलं?

व्हिडिओ त्यांच्याच मोबाईलमध्ये आहे. तो त्यांनी कोणालाही पाठवला नव्हता.